पाय नसलेला चालक : स्लॉट कारचे किट आणि एका छंदाची पडझड

(धागा)

स्लॉट कारच्या उघड्या कॉकपिटमध्ये डोकावून पाहिले तर चालकाचे हेल्मेट दिसते, खांदे दिसतात, स्टीअरिंगवर ठेवलेले हात दिसतात. त्याखाली बहुधा काहीच नसते. चालक छातीपाशी कापलेला असतो, कारण जेथे त्याचे पाय असायला हवेत तेथे विजेची मोटर बसवलेली असते. मोटर काढली तर पाय बसतील, पण मग गाडी धावणार नाही.

हे किट जुळवणारा प्रत्येक जण कधी ना कधी या अडचणीपाशी येतो आणि आपापल्या परीने वाट काढतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत या छंदाची प्रचंड लाट आली आणि काही वर्षांतच ती ओसरली. त्याचे कारण विचारले तर ‘फॅशन होती, गेली’ एवढ्यावर बोळवण केली जाते. हे उत्तर सोयीचे आहे, पण अपुरे आहे. लाट ओसरण्याआधीच एक वस्तू दुय्यम ठरली होती : खऱ्या शर्यतीच्या गाडीसारखे दिसणारे, घरी बसून जुळवायचे किट. छंदाचा पाया तेथे खचला, असे मानायला सबळ कारणे आहेत.

आधी वस्तूची ओळख. स्लॉट कार म्हणजे खाचेतून धावणारी छोटी गाडी. ट्रॅकमध्ये एक अरुंद खाच असते आणि खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या नाकाखाली एक पाते असते, ते खाचेत उतरते आणि गाडीला वळणावर नेते. पात्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारांच्या विणलेल्या पट्ट्या असतात, त्या ट्रॅकवरील पट्ट्यांना घासत वीज उचलतात. खेळणाऱ्याच्या हातात फक्त विजेचे प्रमाण असते. जास्त दाब दिला की गाडी वेग घेते, वळणावर तोच दाब ठेवला की शेपूट फेकते आणि खाचेबाहेर उडते. दिशा आधीच ठरलेली आहे, वेग आपल्या हाती आहे, असा हा खेळ. दुरून तो पोरखेळ वाटतो, पण कंट्रोलर हाती घेतल्यावर पहिल्याच वळणावर तो समज गळून पडतो.

खाचेतून वीज घेण्याचे तत्त्व खेळण्यांच्या दुनियेत जन्मलेले नाही. मुंबईच्या ट्रामला डोक्यावरच्या तारेतून वीज मिळत असे. लंडनच्या मध्यभागातील ट्रामला मात्र ती रस्त्यात पाडलेल्या फटीखालून मिळे. ट्रामखालचा नांगरासारखा भाग फटीत उतरे आणि आतल्या वीजवाहक पट्ट्यांना घासत पुढे सरके. लंडनची ती जुनी ट्रामसेवा १९५२ मध्ये बंद झाली. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज कारागीर-उद्योजकाच्या मिनिमॉडेल्स कंपनीने ‘स्केलेक्स’ नावाच्या किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाई, आणि सोडली की गाडी सुसाट पळे. गाडी सुरेख होती, पण एकदा सोडली की तिच्यावर कोणाचाच ताबा नसे.

फ्रान्सिस यांनी या गाड्यांत मोटर बसवली, रबराच्या ट्रॅकमध्ये खाच पाडली आणि स्केलेक्समध्ये ‘इलेक्ट्रिक’ मिसळून ‘स्केलेक्स्ट्रिक’ हे नाव तयार केले. १९५७ च्या आरंभी हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. गाड्या पत्र्याच्या होत्या, त्यांत मासेराती २५० एफ आणि फेरारी ३७५ होत्या. हातातले नियंत्रण म्हणजे निव्वळ एक बटण : दाबले की वीज, सोडले की अंधार. मागणी इतकी वाढली की छोट्या कंपनीला ती झेपेना, आणि १९५८ मध्ये फ्रान्सिस यांनी सारा व्यवसाय लाइन्स ब्रदर्स या मोठ्या कंपनीला विकला. १९६० मध्ये प्लास्टिकच्या बॉडी आल्या, लोटस १६ आणि व्हॅनवॉल. पत्र्यापेक्षा प्लास्टिक हलके होते आणि त्यात बारकावेही अधिक उठावदार उमटत. या खेळात सौंदर्य आणि वेग यांची गरज एकाच वस्तूने भागली, असे क्षण थोडे आहेत. हा त्यांपैकी एक.

इंग्लंडमध्ये याच सुमारास दुसरा एक प्रवाह वाहत होता, तो मॉडेल क्लबांचा. तेथील मंडळी तयार खेळण्याकडे जरा नाक मुरडूनच पाहत. एअरफिक्सची शोभेची १/३२ प्रमाणाची किट आणायची, त्यांत मोटर आणि आस बसवायची, ट्रॅक स्वतः लाकडात खोदायचा, ही त्यांची रीत. या लोकांना गाडी धावायला तर हवीच होती, पण शर्यतीनंतर ती कपाटाच्या काचेआड ठेवली तरी शोभायला हवी होती. किटाची कल्पना या दुहेरी हट्टातून वाढली.

अमेरिकेत हा खेळ १९६० च्या आसपास रुजला. ऑरोरा कंपनीने १९६० मध्ये ‘मॉडेल मोटरिंग’ या नावाने आगगाडीच्या खेळण्यांच्या मापाच्या, तळहातात मावणाऱ्या गाड्या आणल्या. त्या दिवाणखान्यातल्या. पण खरी उलथापालथ झाली ती १/२४ प्रमाणात. बाजारपेठांच्या रस्त्यांवर मोठमोठे भाड्याचे ट्रॅक उघडले : आठ-आठ मार्गिका, तिरप्या चढवलेली वळणे, तासावर पैसे. त्या काळातील एक प्रसिद्ध आराखडा ‘ब्लू किंग’ या नावाने आजही बांधला जातो. त्याची एक फेरी १५५ फुटांची, म्हणजे सुमारे ४७ मीटरची आहे. एवढ्या ट्रॅकवर घरगुती खेळणे केविलवाणे दिसते. तेथे जाणाऱ्याला स्वतःची गाडी लागे, आणि ती मिळण्याचा राजमार्ग म्हणजे किट. रेव्हेल आणि मोनोग्राम या शोभेच्या प्लास्टिक किटांसाठी नावाजलेल्या कंपन्या या बाजारात उतरल्या. विमानांच्या चिमुकल्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेली कॅलिफोर्नियाची कॉक्सही उतरली.

कॉक्सच्या किटांचा उल्लेख जुने शौकीन आजही आदराने करतात, आणि तो आदर रास्त आहे. चासी मॅग्नेशियमची ओतीव. बॉडी कठीण प्लास्टिकची, आणि ती खऱ्या गाडीच्या रेषांशी इमान राखणारी. त्यांच्या किटांपैकी एक होते शॅपरल, म्हणजे टेक्सासच्या जिम हॉल यांची ती पांढरी गाडी, जिने १९६५ मध्ये सेब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली. मार्चमध्ये ज्या गाडीची छायाचित्रे मासिकात पाहिली, ती त्याच सुमारास आपल्या टेबलावर सुट्या भागांत पडलेली असावी, यात एका पोराला काय वाटत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

आता किट जुळवण्याकडे वळू, कारण सगळा वाद त्या कृतीतच दडलेला आहे.

काम चासीपासून सुरू होते. आस ज्या दोन बुशांतून फिरते ती एका रेषेत हवीत. म्हणून आधी दोन्हीतून एक सरळ दांडी घालायची, ती बोटाच्या टिचकीने मोकळी फिरली की मगच बुश पक्के करायचे. मग मोटर. बहुतेक अमेरिकी किटांतील मोटर जपानच्या माबुची कंपनीची असे, स्वस्त आणि विश्वासू. मोटर गाडीच्या लांबीत बसवली तर काटकोनात जुळणारा क्राउन गिअर लागतो, आडवी बसवली तर साधे दातेरी चाक पुरते. दोन गिअरांचे दाते फार घट्ट बसले तर मोटर तापते, सैल बसले तर दाते झिजतात. अनुभवी माणूस दोन्ही गिअरांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी दाबतो, मोटर पक्की करतो आणि मग कागद फिरवून काढून घेतो. कागदाच्या जाडीएवढी फट उरते, तेवढीच हवी असते. तारांना डाख देताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर गाडी मागे पळते. यात घाबरण्यासारखे काही नाही, अदलाबदल केली की झाले.

चाकांवर टायर चढवून चिकटवले की ते गोल दिसतात, पण गोल नसतात. गाडीची मागची चाके मोटरवर फिरवत ठेवून खाली पॉलिश पेपर धरायचा आणि रबर हळूहळू घासू द्यायचे. काळी धूळ उडते, टेबलाची नासाडी होते आणि घरच्यांचा संयम सुटतो. पण घासून खरा गोल केलेला टायर आणि न घासलेला टायर यांत जो फरक पडतो, तो मोटर बदलूनही पडत नाही.

येथवर सारे काम वेगाचे. नंतर बॉडी हातात येते आणि कामाचा स्वभाव बदलतो. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे प्लास्टिकवर एक बारीक उभार रेषा राहते. ती पात्याने खरवडून, ओल्या पॉलिश पेपरने घासून नाहीशी करावी लागते. रंगाखाली ती लपेल असे नवशिक्याला वाटते, प्रत्यक्षात रंगाने ती उठून दिसते. मग साबणाच्या पाण्याने बॉडी धुऊन बोटांचा तेलकटपणा घालवायचा, प्राइमरचा पातळ हात द्यायचा, खड्डे दिसले तर लांबी भरायची, पुन्हा घासायचे, आणि त्यानंतर रंगाचे तीन-चार पातळ हात. एकच जाड हात दिला तर दारांच्या रेषा आणि बॉनेटवरच्या जाळ्या बुजतात. शर्यतीचे क्रमांक आणि जाहिरातींची चिन्हे पातळ पापुद्र्यावर छापलेली असतात. ती कोमट पाण्यात भिजवून, कागदावरून सरकवून बॉडीवर न्यायची आणि ओल्या कुंचल्याने वळणांवर बसवायची. खिडकीची काच साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवावी, कारण झटपट चिकटणाऱ्या सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुके चढते आणि ते सहजी जात नाही.

आणि मग चालक. त्याला ज्या उथळ तबकात बसवायचे त्याच्या खाली मोटरची पाठ लागलेली असते. म्हणून मांड्या कापायच्या, कधी कंबरही, कधी आसनाची उशीच खरवडायची. प्रमाणाचा हिशेब निर्दय असतो. खरी जॅग्वार डी-टाइप सुमारे ३.९१ मीटर लांब. १/२४ प्रमाणात ती १६.३ सेंटिमीटर होते, १/३२ मध्ये १२.२ सेंटिमीटर. गाडी लहान झाली तरी मोटर त्या प्रमाणात लहान होत नाही. एवढ्या जागेत चुंबक, तारेचे वेटोळे, गिअर आणि माणूस मावत नाहीत, आणि माणूस माघार घेतो. पण चेहरा, गॉगल, हेल्मेटचा पट्टा आणि मानेभोवतीचा रुमाल यांवर किट जुळवणारा एक अख्खी संध्याकाळ घालवतो. पाहणाऱ्याची नजर गाडीच्या उघड्या भागात आधी त्या चेहऱ्याकडे जाते, हे त्याला ठाऊक असते. चेहरा नीट असेल तर पाय नसल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

या सगळ्या सजावटीची किंमत ट्रॅकवर मोजावी लागते. वजन जितके उंचावर, तितकी गाडी वळणावर कलते. चालकाचे डोके, आरसे, खिडक्यांची जाड काच, रंगाचे हात, हे सगळे वजन उंचावरचे. आरसे तर पहिल्याच अपघातात जातात. म्हणून किट जुळवणारा प्रत्येक ग्रॅममागे स्वतःशी वाद घालतो : हे ठेवू की काढू? बॉडीचे स्क्रूसुद्धा तो पूर्ण आवळत नाही. किंचित सैल ठेवतो, म्हणजे चासीचे हादरे बॉडीपर्यंत पोचत नाहीत आणि गाडी ट्रॅकला धरून राहते. दिसणे आणि धावणे यांची ही घासाघीस त्याच्या टेबलावर, त्याच्याच दोन हातांत चालते. ही घासाघीस हाच किटाचा खरा रस होता. पुढे ती बाहेरून, ट्रॅकवरच्या स्पर्धेने एकतर्फी निकालात काढली.

निकाल लागला तो लेक्सन या पारदर्शक, चिवट पॉलिकार्बोनेटमुळे. या प्लास्टिकचा पातळ तक्ता तापवून साच्यावर हवेच्या पोकळीने ओढून बसवला की काही ग्रॅमची बॉडी तयार होते. ती आपटली तरी फुटत नाही. तिला रंग आतून द्यायचा असतो, त्यामुळे सगळा क्रम उलटा होतो : आधी क्रमांक आणि पट्टे, शेवटी मूळ रंग. बाहेरून ती चकचकीत दिसते आणि ओरखडे रंगाला लागत नाहीत. तांत्रिक दृष्टीने ही उत्तम सुधारणा होती, हे मान्य करायला हवे. पण अशा बॉडीवर दारांच्या रेषा पुसट, कडा गोलसर, आणि चालक म्हणजे पापुद्र्याचा एक रंगवलेला फुगवटा. त्याला पाय नव्हतेच, आता चेहराही गेला.

पुढची पायरी अटळ होती. बॉडी ही केवळ हवा कापण्यासाठी आणि नियमापुरती असेल, तर ती कोणत्या खऱ्या गाडीची असण्याची गरजच काय? १९६६-६७ च्या सुमारास ‘थिंगी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या काल्पनिक, चपट्या आकारांच्या गाड्या आल्या. जगातल्या कोणत्याही शर्यतीत न धावलेल्या, कोणत्याही कारखान्यात न बनलेल्या. १९६७ मध्ये कॉक्सनेही तयार गाडी बाजारात आणली. तिची चासी सांधेदार आणि बुद्धीची कमाल, बॉडी काल्पनिक, आणि नाव ‘ला कुकाराचा’, म्हणजे स्पॅनिशमध्ये झुरळ. गाडी वेगवान होती. जुळवायला मात्र तिच्यात काहीच नव्हते. दोनच वर्षांपूर्वी हीच कंपनी मॅग्नेशियमच्या चासीवर शॅपरल घडवायला मुलांना बोलावत होती.

दैवदुर्विलास असा की खऱ्या शर्यतींच्या इतिहासात ही वर्षे रूपाच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत होती. १९६६ मध्ये ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत फोर्डच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. १९६७ मध्ये फेरारीची पी-४ धावली, आणि उंच पंख लावलेली शॅपरल २-एफ जुलैमध्ये ब्रँड्स हॅचला जिंकली. ज्या गाड्यांची चित्रे मुलांनी भिंतीवर लावली होती, त्यांकडे पाठ करून मॉडेलांचा धंदा झुरळे विकत होता. याला दूरदृष्टी म्हणता येत नाही.

१९६७-६८ मध्ये भाड्याचे ट्रॅक भराभर बंद पडले. १९६९ मध्ये कॉक्स कंपनीच विकली गेली.

या मांडणीवर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप अर्थकारणाचा. ट्रॅक गरजेपेक्षा जास्त उघडले होते, जागेचे भाडे चढे होते, आणि हौशी मुलाची गाडी व्यावसायिक खेळाडूच्या नव्याने तार गुंडाळलेल्या मोटरपुढे टिकत नव्हती. हे खरे आहे. पण हौशी मूल हरत असताना तेथे का येत होते, हाही प्रश्न विचारायला हवा. पहिल्या वर्षांतही बहुतेक जण हरतच होते. तेव्हा हरलेल्याच्या हाती निदान स्वतः घडवलेली, ओळखू येणारी एक लोटस किंवा फेरारी उरत असे. ती कपाटात ठेवता येई, मित्राला दाखवता येई. लेक्सनचा अनामिक पापुद्रा हरल्यावर काहीच उरवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. याच काळात कारागिरी संपली असे म्हणणे चुकीचे ठरेल. अव्वल खेळाडू पितळेच्या पट्ट्या आणि पियानोची तार यांना डाख देऊन स्वतःच्या चासी घडवत होते, मोटर आसेशी तिरकी बसवण्याचे नवे प्रयोग करत होते. सांधे जुळवण्याची ती हातोटी किटाच्या पेटीतून कधीच मिळाली नसती. म्हणजे हस्तकौशल्य मेले नाही, ते बॉडीखाली गेले. पण बॉडीखालची कारागिरी फक्त दुसऱ्या कारागिराला कळते. काचेबाहेर नाक लावून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या पोराला ती दिसत नाही, आणि दिसली तरी त्याच्याकडे डाख देण्याची कानी नसते. त्याच्यासाठी पहिली पायरी शॅपरलच्या पेटीची होती. ती पायरी काढून घेतल्यावर वरच्या मजल्यावर कितीही सुंदर काम चालले तरी खालून कोणी चढणार नव्हते.

जपानचे उदाहरण येथे बोलके आहे. तामिया कंपनीने १९६५ मध्ये स्लॉट कारच्या बाजारात पाऊल टाकले, तेही १/२४ ची जॅग्वार डी-टाइप घेऊन. जपानमधली लाटही लवकर ओसरली. तामियाने मात्र त्यानंतर उलट दिशा धरली. १९६७ मध्ये त्यांनी होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचे १/१२ प्रमाणाचे किट काढले, त्यात नळ्या, तारा आणि इंजिनाचे बारकावे यांची रेलचेल होती. पुढे पोर्शच्या किटासाठी कंपनीने एक खरी पोर्श ९११ विकत घेऊन ती सुटी करून अभ्यासली, आणि त्याच पोर्शच्या बॉडीतून १९७६ मध्ये त्यांची रेडिओवर चालणारी गाडी निघाली. बारकाव्यावर केलेला खर्च कंपनीला धावत्या गाडीकडे परत घेऊन आला. तामियाच्या यशाला इतर कारणेही आहेत, हे उघड आहे. तरी तुलना टाळता येत नाही.

युरोपात खेळ टिकला, कारण तेथे तो मुख्यतः घरातला राहिला. लाइन्स ब्रदर्स १९७१ मध्ये कोसळली, पण स्केलेक्स्ट्रिक हे नाव हातोहाती जगले. स्पेनमध्ये एक्सिन कंपनी १९६२ पासून परवान्यावर त्याच नावाने गाड्या बनवत होती, आणि तेथे ते नाव इतके मुरले की माद्रिदच्या आटोचा चौकातील गुंतागुंतीच्या उड्डाणपुलालाच लोक स्केलेक्स्ट्रिक म्हणू लागले. १९८० च्या दशकात तो पूल पाडला गेला. खेळण्याचे नाव पुलाला मिळावे, यापेक्षा मोठा लोकमान्यतेचा दाखला कोणता?

चुंबकाची गोष्ट थोडक्यात. १९७० च्या दशकाच्या मध्यास ऑरोराने मोटरच्या चुंबकाची ओढ ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांवर खेळवून गाडी खाली धरून ठेवली, आणि पुढे इतरांनीही तळाशी चुंबक लावले. गाडी चिकटून धावू लागल्यावर उंचावरचे वजन पूर्वीइतके छळेनासे झाले आणि घरगुती गाड्यांवर पुन्हा आरसे, जाळ्या, पूर्ण चेहरे परवडू लागले. पण शेपूट फेकत वळण घेण्याची मजा त्याच चुंबकाने घालवली. म्हणून गंभीर क्लबांतील खेळाडू आज नवी गाडी आणली की आधी चुंबक काढून टाकतात.

आजचे चित्र दोन टोकांचे आहे. एका टोकाला लेक्सनच्या पंखवाल्या गाड्या आहेत, ज्या ब्लू किंगची ४७ मीटरची फेरी दोन सेकंदांच्या आत पुरी करतात. म्हणजे सरासरी वेग ताशी ८५ किलोमीटरहून अधिक, आणि तोही खऱ्या मापाने. त्यांच्याकडे पाहून त्या गाड्या आहेत हे ओळखता येत नाही, आणि त्या धावत असताना डोळ्यांना धड दिसतही नाहीत. अभियांत्रिकी म्हणून त्या थक्क करणाऱ्या आहेत. त्या पाहायला नवा माणूस किती वेळ उभा राहील, हा वेगळा प्रश्न.

दुसऱ्या टोकाला १/३२ चे जग आहे. १९९० च्या दशकात स्पेनच्या फ्लाय आणि निन्को यांनी तयार गाड्यांत बारकाव्यांची पातळी उंचावली. इटलीच्या स्लॉट-इट कंपनीने ‘व्हाइट किट’ विकायला सुरुवात केली : रंग न दिलेली पांढरी बॉडी, सोबत चालक, काचा आणि धावण्याचे सारे भाग. रंग घेणाऱ्याने द्यायचा, आणि क्रमांक कोणत्या वर्षीच्या कोणत्या शर्यतीचा हेही त्यानेच ठरवायचे. लहान कार्यशाळांमधून रेझिनच्या बॉडी निघतात, अशा गाड्यांच्या ज्या कोणतीही मोठी कंपनी कधीच काढणार नाही. रेझिनची बॉडी हातात आली की साच्याला लावलेला मेणचट थर आधी धुवावा लागतो, नाहीतर रंग सालीसारखा सुटतो. हवेच्या बुडबुड्यांची छिद्रे भरावी लागतात, खिडक्यांच्या कडा कानसेने साफ कराव्या लागतात. स्पोकच्या चाकांसाठी रसायनाने कोरलेल्या धातूच्या चकत्या मिळतात, त्या रिमच्या आत बसवायच्या. काम १९६५ च्या किटापेक्षा कठीण आहे, आणि घेणारे बहुतेक साठीकडे झुकलेले आहेत.

अनेक क्लबांच्या नियमांत आज एक कलम आढळते : चालकाला त्रिमिती डोके हवे, आणि वरून पाहिल्यावर चासी, मोटर किंवा गिअर दिसता कामा नये. वरवर पाहता हे कलम शोभेचे वाटते. वस्तुतः ते १९६६ च्या घसरणीला घातलेले कुंपण आहे. त्यामुळे प्रत्येक स्पर्धकाला तेवढे वजन उंचावर वाहावेच लागते आणि कोणालाही चेहरा कापून सेकंदाचा दशांश वाचवता येत नाही. अमेरिकेतल्या भाड्याच्या ट्रॅकवाल्यांनी असे एखादे कलम वेळीच आणि कसोशीने पाळले असते तर काय झाले असते, हे आता सांगता येणार नाही. पण त्यांना ते पाळायला काही खर्च नव्हता.

अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर चासी छापून घेता येते, हव्या त्या लांबीची, हव्या त्या मोटरसाठी. मोटरही पूर्वीपेक्षा चपट्या मिळतात. त्यामुळे १/२४ च्या काही उघड्या गाड्यांमध्ये मोटर मागे, खऱ्या इंजिनाच्या जागी ढकलता येऊ लागली आहे आणि तबक दोन-तीन मिलिमीटर खाली उतरले आहे. तेवढ्या जागेत चालकाच्या मांड्या गुडघ्यापर्यंत मावतात. त्यापुढे अजूनही गाईड पात्याच्या तारा आडव्या येतात.